खूण उजवीकडे

"छत्री देऊ... की राग येईल?"

उड्डाणाआधी टायर बघणं सहवैमानिकाचं काम, म्हणून मी विमानाच्या चाकाशी वाकले होते. पाऊस मानेवरून आत उतरत होता. वर पाहिलं, तर नवा ग्राउंड इंजिनियर हातात बंद छत्री घेऊन स्वतःही भिजत उभा.

"राग का येईल?"

"दिली तर म्हणाल, बाई म्हणून दिली. नाही दिली तर म्हणाल, बाई म्हणून नाही दिली."

"मग उघडा आणि दोघांवर धरा," मी म्हणाले. "भांडणच मिटलं."

तो हसला, आणि मला तोच टायर पुन्हा तपासावा लागला.

ट्रॅक्टरनं विमान मागे ढकललं की तो पुढच्या चाकातली पिन काढायचा. मग विमानाला जोडलेल्या हेडफोनच्या वायरवरून आमच्याशी बोलून, वायर काढून लांब उभा राहायचा आणि लाल फीत बांधलेली ती पिन, निघाल्याची खूण म्हणून, उंच धरून दाखवायचा. आतून आमचा हात वर झाल्याशिवाय विमान हलत नाही. पिन डावीकडे दाखवायची असा नियम, कारण कप्तान डाव्या खुर्चीत बसतो. हा मात्र वायरवर म्हणायचा, "खूण उजवीकडे." म्हणजे माझ्या बाजूला.

"याला डावं-उजवं कळत नाही का गं, पोरी?" म्हातारे कप्तान विचारायचे. त्यांना सगळं कळत होतं.

"नवा आहे, सर."

तो नवाच आहे असं सांगता सांगता वर्ष उलटलं. दुसऱ्या विमानतळावर भलताच कुणी पिन दाखवायचा, मी हात वर करायचे, आणि मन उगाच खट्टू व्हायचं.

डावी खुर्ची मला हवी होती. परीक्षा केव्हाच पास झाले होते, पण आमचे मोठे साहेब दर वेळी चहा मागवून म्हणायचे, "प्रवाशांना अजून सवय नाही. पुढच्या वर्षी बघू." मग समुद्रापलीकडच्या एका कंपनीचा फोन आला. पूर्वी त्यांनीच मला मुलाखतीत 'लग्न कधी करणार' एवढंच विचारून वाटेला लावलं होतं. आता त्यांना बायका कप्तान म्हणून हव्या होत्या, आणि माझं नाव त्यांनी आपणहून काढलं होतं.

कॅन्टीनमध्ये त्याला सांगितलं. तो बराच वेळ चहात चमचा फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"थांब म्हण ना," मी बोलून गेले.

"म्हटलं तर थांबशील?"

"...हो."

"म्हणूनच नाही म्हणत."

मला त्याचा भयंकर राग आला. आणि तो इतका आवडला, की टेबलावरून उठवेना.

या नोकरीतल्या माझ्या शेवटच्या दिवशी लख्ख ऊन होतं. वायरवर त्याचं नेहमीचंच चाललं होतं – ब्रेक लावा, ट्रॅक्टर सुटला, पिन काढली. मी उजव्या काचेला नाक लावून बसले होते.

"वायर काढतोय," तो म्हणाला. "खूण डावीकडे."

माझ्या बाजूला नुसतं रिकामं काँक्रीट. आजच याला नियम आठवावा?

"आज डावीकडे का?" मी विचारलंच. कप्तान ऐकत होते. ऐकू देत.

वायरवर जरा खरखर झाली. "यापुढे तू डावीकडेच बसणार ना... मी आत्तापासून सवय करतोय. कुठल्याही कंपनीच्या विमानातून ये. मी त्याच बाजूला उभा असेन."

आणि वायर निघाली.

कप्तानांनी खुर्ची मागे सरकवली, पोट आत ओढलं. "आज हात तू कर," ते म्हणाले.

मी त्यांच्या पुढून वाकले. काचेपलीकडे तो उभा होता, हात उंच, लाल फीत वाऱ्यावर फडफडत. मी हात वर केला. केला की लगेच खाली घ्यायचा असतो. मी घेतला नाही. त्यानंही पिन खाली घेतली नाही.

"पोरी," कप्तान हळूच म्हणाले, "मागे रांग लागलीय."