पारा, म्हणजे थांब

तनुजाची नेहमीची जोडीदारीण त्या शनिवारी आली नाही, म्हणून बुशरा मॅडमनी तिला व्यंकटसमोर उभं केलं. एरवी उदगीरच्या त्या उंच, सावकाश बोलणाऱ्या माणसाच्या वाटेला ती गेली नसती.

लातुरात स्पॅनिश शिकणारी माणसं ती किती! मोबाईलच्या दुकानावरची एक खोली, थोडी बाकं आणि नांदेडहून दर शनिवारी एसटीनं येणाऱ्या बुशरा मॅडम. तनुजाला भाषांतराचं काम हवं होतं. व्यंकटच्या डाळमिलमध्ये डाळ निवडणारं यंत्र स्पेनहून आलेलं. ते रुसलं की तिकडची माणसं फोनवर काय सांगतात, ते त्याला समजून घ्यायचं होतं.

"आज हुकूम सोडायला शिकायचं," मॅडम म्हणाल्या. "एकाचे डोळे बांधा. दुसऱ्यानं त्याला बाकांमधून दारापर्यंत न्यायचं. हुकूम नाही, तर पाऊल नाही. आणि तनुजा, विनंती चालणार नाही. मागच्या वेळी तू खिडकीलासुद्धा प्लीज म्हणालीस!"

वर्ग हसला. तनुजानं आपला स्कार्फ व्यंकटच्या डोळ्यांवर बांधला.

"सोलाण्याचा वास येऊन राहिला," तो म्हणाला.

सकाळी अहमदपूरहून निघताना तिनं शेतातला ओला हरभरा स्कार्फमध्येच बांधून आणला होता. "तुम्ही वास घेऊ नका हो!"

"डोळे बांधलेत. नाक मोकळं हाय."

"सीगे," ती पुटपुटली. म्हणजे, चालत राहा.

"मला सांगून राहिलात का बाकाला?"

"सीगे!" या वेळी आवाज निघाला. तो चालला. तिनं म्हटलं तसा वळला, झुकला... आणि तनुजाला चक्क मजा वाटायला लागली.

"पारा!" म्हणजे थांब. तो थांबला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई. ती जिन्यात गेली.

"सांजच्याला घरी ये गं. उद्या नांदेडचे पाहुणे तुला बघायला येऊन राहिलेत. पोरगा बँकेत हाय. मी हाव म्हणून टाकलं."

"आई, मला... म्हणजे... बघू की."

त्यांच्या घरात याचा अर्थ होकारच. फोन ठेवून ती कठड्याला टेकून उभी राहिली. वर्ग सुटला, मुलं हसत जिना उतरून गेली, तरी उभीच.

परत आली तेव्हा व्यंकट तिथंच होता. डोळ्यांवर स्कार्फ, पुढ्यात बाक. मॅडम टेबलाशी शेंगा फोडत होत्या. "वर्ग सुटला म्हटलं, तर म्हणतो, तुमचा हुकूम चालायचा न्हाई."

"अहो, सोडायचं ना ते!"

"तुम्ही थांब म्हणलात."

"आणि मी आलेच नसते तर?"

"उदगीरची गाडी गेली असती... दुसरी असती की."

तिच्या शब्दावर आजवर कुणी एवढं थांबलं नव्हतं.

"उद्या पाहुणे येणारेत. मला बघायला."

त्याची बोटं पँटच्या शिवणीवर घट्ट झाली. "तुम्हाला... यावेत वाटतं?"

"न्हाई. पण माझं 'न्हाई' घरी कुणाला ऐकू जात न्हाई."

"मोठ्यानं म्हणा. बाकापलीकडून मला ऐकू गेलं ना?"

तनुजानं फोन लावला. "आई, पाहुण्यांना कळव. उद्या येऊ नका म्हणावं."

"अगं, का? दुसरं कुणी हाय का?"

तनुजानं पाहिलं. स्कार्फखालचे कान लालेलाल झाले होते.

"हाय वाटतं," ती म्हणाली. "विचारून सांगते."

तिनं फोन ठेवला. मॅडमनी टरफलं कागदात गुंडाळली आणि किल्ली टेबलावर ठेवली. "कुलूप लावून या. ही विनंती नाही." आणि त्या जिना उतरल्या.

"बेन," तनुजा म्हणाली. म्हणजे, ये.

तो सरळ निघाला आणि गुडघा बाकावर आपटला. "बाक हाय म्हणून सांगायचं की!"

"सगळं मीच सांगायचं का?"

"आजच्या दिवस... सांगा."

बाकाला वळसा घालून तीच पुढे आली. गाठ सोडली. स्कार्फ निघाला, तरी त्याचे डोळे मिटलेलेच.

"उघड."

त्यानं उघडले. स्कार्फच्या घडीत अडकलेला हरभऱ्याचा एक हिरवा घाटा तिच्या हाती लागला. तिनं तो सोलला आणि दाणा त्याच्या तळहातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली.

त्यानं खाल्ला.