मनगटावरचे अडीच

"किती वेळा सांगू, साहेब? नऊ तासांच्या आत ते विमान इथे येतच नाही!" तिकिटं काढून देणारा एजंट फोनवर करवादला.

इन्स्पेक्टर त्याच्याहून वैतागले होते. त्या नऊ तासांपाशीच त्यांचं घोडं पेंड खात होतं.

काल सकाळी एक आजोबा स्वतःच्या घरी जिन्याखाली मेलेले सापडले. दंडावर बोटांचे वळ होते. मनगटावरचं घड्याळ फुटून अडीचवर थांबलेलं. डॉक्टरांच्या मते मृत्यू आदल्या दुपारनंतर, रात्री दहाच्या आत झाला होता. दुपारी अडीचला घरात फक्त त्यांना सांभाळणाऱ्या मावशी होत्या, म्हणून मावशी कोठडीत होत्या. त्यांची लेक बाहेर बाकावर रडत बसली होती.

आजोबांचा मुलगा परदेशातून त्या आदल्याच संध्याकाळी सहाला उतरला. घर तासाभरावर असताना रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपला. सकाळी घरी येऊन त्यानंच पोलिसांना कळवलं. आजोबा त्याला घर विकू देत नव्हते, म्हणून इन्स्पेक्टरांना त्याचा संशय होता, पण अडीचला तो आभाळात होता. त्यापुढे काय डोंबल करणार!

"तिकिटावर तर साडेचौदा तास दिसतात," ते एजंटवर खेकसले.

"निघायची वेळ तिथली असते, उतरायची इथली. त्यांचं घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास. दोन गावांची दोन घड्याळं, साहेब!"

इन्स्पेक्टरांनी फोन आदळला आणि कोठडीकडे गेले.

"मावशी, शेवटचं विचारतो. तुम्ही निघालात कधी?"

"सातला. आजोबा धडधाकट होते हो! मुलगा येणार म्हणून दाराशीच बसलेले."

"मग घड्याळ खोटं बोलतं?"

"ते मला काय माहीत? मी त्यांच्या गोळ्या भिंतीवरच्या घड्याळावर द्यायची. मनगटावरचं बघायचं नाही, अशी ताकीद होती. ते फक्त दुपारी जेवताना त्यात बघायचे आणि म्हणायचे, पोरगा आता उठला असेल."

इन्स्पेक्टर दारातच थबकले. दुपारच्या जेवणाला उठतो कोण? स्वतःच्या डोक्यात एक टपली मारून त्यांनी हवालदाराला हॉटेलात पिटाळलं.

संध्याकाळी मुलगा समोर बसला. अजून नाकानं कांदे सोलत होता.

"अडीचला मी विमानात होतो. अजून किती छळणार?"

"होतात ना. पण ते अडीच इथले नव्हते. तुमच्या वडिलांचं घड्याळ तुमच्या गावच्या वेळेवर चालायचं. तिथे अडीच, म्हणजे इथे रात्रीचे आठ. मावशी सातला गेल्या. हॉटेलच्या कॅमेऱ्यात तुम्ही सातच्या आधी बाहेर पडताना दिसता आणि दहाला परतताना. घर विकायला ते तयार नव्हते, त्यावरून जुंपली. तुम्ही त्यांना दंडाला धरून ढकललंत. मग फुटलेल्या घड्याळात अडीच दिसले, आणि देवच पावला म्हणून गप्प राहिलात."

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या गावची वेळ? ती कशाला लावतील ते?"

"अवेळी फोन करून तुमची झोप मोडू नये म्हणून."

"रोज सकाळी मी उठलो की यायचा त्यांचा फोन," मुलगा म्हणाला. "मी उचलायचो नाही."

इन्स्पेक्टरांना त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. ते उठले, कोठडीची किल्ली घेतली आणि मावशींच्या लेकीला हाक मारली.