अर्धशिशीचा अंदाज

डॉ. शाल्मली वर्तक यांच्या टिकलीवर सगळी संस्था खूश होती, आणि खूश व्हावं अशीच ती चीज होती. मसुराच्या डाळीएवढी, कानशिलावर चिकटवायची. कातडीखालचा रक्तप्रवाह, मानेच्या स्नायूंचा ताण, जांभया, झोप अशा बारीकसारीक खुणा ती टिपत राही आणि अर्धशिशीचा झटका येण्याआधी सहा तास हलकेच तीनदा थरथरे. गोळी घेतली की तिच्यावर बोट टेकवायचं, म्हणजे तीही नोंद होई. कागदोपत्री तिचं नाव ‘वेदनापूर्वसूचक’ होतं. पण मिरजेच्या त्या वेदनाविज्ञान संस्थेत एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती.

शाल्मली स्वतः बाराव्या वर्षापासून अर्धशिशीची धनीण. दहावीचा भूमितीचा पेपर तिने एका डोळ्यावर हात दाबून लिहिला होता, आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात ती अंधाऱ्या खोलीत ओला टॉवेल कपाळावर घेऊन पडली होती. दुखणं कधी येऊन गाठेल याचा नेम नसणं हेच तिला दुखण्याहून वाईट वाटे. म्हणून तिने टिकली बनवली आणि पहिली स्वयंसेवक म्हणून स्वतःच्याच कानशिलावर लावली.

नऊ महिन्यांत तीनशे स्वयंसेवकांच्या टिकल्यांचा अचूकपणा अडुसष्ट टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेला. परवाना समितीची अट नव्वदची होती. सात आठवड्यांनी बैठक. ती पार पडली की प्रत्येक मेडिकलच्या दुकानात, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी, चिठ्ठीशिवाय टिकली मिळणार होती.

फक्त क्रमांक एकेचाळीसने घोळ घातला होता. तिथला अचूकपणा सत्तरवरून घसरत बाविसावर आला होता.

“टिकली बिघडलीय, दुसरं काय!” ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जयतीर्थ लोकापूर चष्मा पुसत म्हणाले. “वगळ यादीतून. तीनशेत एखादी नासकी निघायचीच.”

“वगळते सर, पण आधी बघून येते.”

न बघता आकडा खोडणं तिच्या जिवावर येई. या एका सवयीसाठी तिला शंभर गुण द्यावेत असं मला वाटतं.

क्रमांक एकेचाळीस म्हणजे जैबुन शिकलगार. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत तिचं दोन खणांचं दुकान होतं आणि वय अठ्ठावन्न. काम जवारीचं. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने घासायचा, इतका बारीक की डोळ्याला फरक दिसू नये आणि तारेचा आवाज मात्र खुलावा. शाल्मली गेली तेव्हा जैबुनबी दोनदा कानस फिरवी, तार छेडी, डोळे मिटून ऐके, मान हलवी आणि पुन्हा कानस उचली. वीस मिनिटं हेच चाललं. मग एका झंकाराला ती गालात हसली आणि सतार खाली ठेवली. शाल्मलीला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो शेवटचा झंकार आधीच्यांहून वेगळा होता एवढं तिलाही कळलं. या बाईच्या कानापुढे आपली यंत्रं म्हणजे पोरखेळ, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात जैबुनबीच्या कानशिलावरची टिकली तीनदा थरथरली. शाल्मलीने सवयीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली.

“चाची, घ्या ना गोळी.”

“कशाला? दुखतंय कुठं?”

“सहा तासांनी दुखेल.”

“मग सहा तासांनी बघू की! आत्ता डोकं दुखतंय ते तुमच्या टिकलीचं. तिला द्या गोळी.”

शाल्मलीला हसू आलं, पण तिने चिकाटी सोडली नाही. “तुम्ही गोळी घेतच नाही का?”

“घेते की. मी काय पैलवान न्हाई दुखणं अंगावर काढायला. खरंच सुरू झालं की लगेच घेते, पेलाभर पाण्यासंगं, आणि अंधारात पडते. पण आठवड्यात दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी लागली तर डॉक्टरची पायरी.”

“हे कुणी सांगितलं?”

जैबुनबीने पदराने हात पुसले. “चार वर्षं झाली. सर्दी होती, डोकं होतं, कंबर होती. तिघांच्या तीन गोळ्या आणल्या, मेडिकलवाल्यानं कापून दिलेल्या. दुखणं हटंना म्हणून आठवडाभर तिन्ही खाल्ल्या, दिवसातनं चार-चारदा. डोळे पिवळेधमक! बारा दिवस दवाखान्यात. तिथली नर्स म्हणाली, चाची, नावं तीन असली तरी घराणं एकच. तिन्हींत औषध तेच. त्यानंच लिव्हर सुजली तुमची. तवापासनं अख्खी पट्टी घेते आणि मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचल्याबिगर तोंडात टाकत न्हाई. माझा चष्मा त्याच्यासाठीच आहे. घोडी मी बिनचष्म्याची घासते. दोन दिवसांचा नेम मात्र टिकली लावली तवा त्याच नर्सनं घालून दिला, तोवर गोळ्या जास्तच व्हायच्या.”

“आणि हल्ली डोकं किती दुखतं?”

“टिकली लावली तवा म्हैन्यात पाच-सहादा. आता दोनदा. फार तर तीनदा.”

शाल्मलीने तिथेच टिकली तपासली. ती ठणठणीत होती.

संस्थेत परतल्यावर ती लोकापुरांच्या खोलीत थेट शिरली. “सर, डोकेदुखीच्या गोळ्या जास्त झाल्या तर काय होतं?”

“हे मी रोज दहा पेशंटना सांगतो,” लोकापूर म्हणाले. “साध्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस, मिश्र गोळ्या दहा दिवस, त्यापलीकडे काही महिने गेलं की गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. मेंदूला त्यांची सवय होते. औषध उतरलं की दुखणं उसळी मारतं, माणूस आणखी गोळी घेतो. प्रतिक्षेपी डोकेदुखी.”

“आणि टिकली थरथरली की माणूस काय करतो?”

“गोळी घेतो.”

“अंदाज खोटा असला तर?”

“त्याला कसं कळणार खोटा आहे ते? घेतोच.” लोकापुरांनी चष्मा काढला आणि पुन्हा पुसायला सुरुवात केली, स्वच्छ असूनही.

“सुरुवातीला शंभरातले बत्तीस अंदाज खोटे होते,” शाल्मली म्हणाली. “त्या बत्तीस वेळा न दुखणाऱ्या डोक्यावर गोळ्या पडल्या. गोळ्यांचे दिवस वाढले, म्हणून डोकी जास्त दुखायला लागली. रोजच दुखणाऱ्या डोक्याबद्दल अंदाज बांधायला अक्कल कशाला लागते? तो खरा निघणारच. आपण त्याला अचूकपणा म्हणत होतो.”

“पण महिन्याला किती झटके आले, ते आपण...”

“आपण फक्त अंदाज बरोबर आला का, तेवढंच बघितलं, सर. दुखणं किती वाढलं ते मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

दोघांनी तीनशे जणांची यादी नव्याने मांडली, गोळ्यांच्या दिवसांप्रमाणे. जिथे टिकली जास्त अचूक, तिथे माणूस जास्त बेजार. सगळ्यात तळाशी जैबुनबी, बावीस टक्के, आणि यादीत तिच्याइतकं सुखी डोकं दुसरं नव्हतं. सगळ्यात वर महिन्यातले एकवीस दिवस गोळ्या आणि नव्व्याण्णव टक्के अचूकपणा. तो होता क्रमांक एक.

शाल्मलीने त्या ओळीवर, म्हणजे स्वतःच्याच नावावर, बोट ठेवलं. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तीनशे जणांच्या टिकल्यांची थरथर बंद झाली. अंदाज आतल्या आत नोंदला जाई, सांगितला जात नसे. सगळ्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं गेलं आणि प्रत्येकाला डॉक्टर नेमून दिला. शाल्मलीने लोकापुरांच्या देखरेखीखाली स्वतःच्या गोळ्या थांबवल्या. पहिले अकरा दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. उलट्या, उजेडाची भीती, भांडं वाजलं तरी अंगावर काटा. लोकापुरांनी आधीच बजावलं होतं की बरं व्हायच्या आधी हे वाढणार. बाराव्या दिवशी तिने चहा मागितला तेव्हा त्या म्हाताऱ्याने तो स्वतः करून आणला, आणि तो इतका गोड होता की तिला पिववेना.

सातव्या आठवड्यात ती समितीपुढे उभी राहिली. गेल्या नऊ महिन्यांची कमाई आपल्या हाताने पाण्यात घालायची होती, तरी आवाज खणखणीत होता. टिकलीने अंदाज सांगू नये, फक्त गोळीचे दिवस मोजावेत, आठवड्यात दोन झाले की थरथरावं आणि डॉक्टरकडे जायला सांगावं, एवढाच परवाना तिने मागितला.

अध्यक्षबाई कडक होत्या. “अंदाजाचा आकडा नव्वदच्या वर हवा, ही अट तुम्हाला माहीत आहे. आत्ता तुमच्या कानशिलावरची टिकली काय म्हणते, ते पडद्यावर दाखवा.”

शाल्मलीने दाखवलं. टिकली तिच्या जुन्या सवयींवरच शिकून शहाणी झाली होती. पडद्यावर सकाळी नऊची शेवटची नोंद उमटली: दुपारी तीनपर्यंत तीव्र झटका, शक्यता सत्त्याण्णव टक्के.

सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार वाजले होते.

“डोकं दुखतंय तुमचं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“नाही.”

“गोळी घेतलीत?”

“सहा आठवड्यांत एकही नाही.”

“म्हणजे तुमचं यंत्र आमच्या डोळ्यांदेखत चुकलं, डॉक्टर.”

“हो, बाई. या आठवड्यात तिसऱ्यांदा,” शाल्मली म्हणाली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. “मागच्या आठवड्यात दोनदाच चुकलं होतं. तीनशेपैकी दोनशे बारा जणांचं आता असंच चुकायला लागलंय. तुमच्या अर्जात यशाचा रकाना कुठला आहे तेवढं सांगा, हा आकडा मला तिथे लिहायचाय.”