नळावरचा शेवटचा नंबर

मालतीबाई रेडीज यांच्या वाशीतल्या चौकशी कचेरीत माणसं येत ती बहुधा लग्न ठरवण्याआधी. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, एवढीच त्यांची रहस्यं. पोपट मगरे मात्र आला तो बायकोची अटक टाळायला.

त्र्याऐंशी सालचा चैत्र होता. वीज गेलेली, पंखा थांबलेला, आणि खाडीकडून कुजकट वास येत होता. पोपट खुर्चीच्या टोकावर बसला आणि समोर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याकडे बराच वेळ नुसता बघत राहिला.

तो मूळचा जालन्याकडचा, बेलापूरला एका कचेरीत शिपाई. नेरुळच्या नव्या वसाहतीत बारा खोल्यांची एक ओळ होती, त्यातली शेवटची खोली त्याची. घराघरात नळ बसवले होते, पण त्यांना पाणी चढत नसे. गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता. त्याला सकाळी थोडा वेळ पाणी येई आणि सगळी गल्ली त्यावर दिवस काढी. महिन्याभरात त्या गल्लीतल्या तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, आणि गेल्या आठवड्यात श्यामसुंदर टिपणीस यांची सुचित्रा गेली. तिसरीत होती.

"पाणी तपासलं?" मालतीबाईंनी विचारलं.

"दोनदा तपासलं, बाई. शुद्ध आहे म्हने."

पाणी शुद्ध, म्हणजे कुणीतरी त्यात काहीतरी कालवतंय, असा निकाल गल्लीने देऊन टाकला होता. मगऱ्यांकडे कुणी आजारी पडलं नव्हतं. शिवाय पोपटची बायको सुंदराबाई संध्याकाळी कोरड्या नळापाशी वाकलेली दिसली होती. टिपणीसांनी पोलिसांत अर्ज दिला. रविवारी सकाळी गल्ली जमणार, हवालदार सगळ्यांचे जबाब घेणार आणि सुंदराबाईला घेऊन जाणार. खोली खाली करा, हे तर आधीच सांगून झालं होतं.

"आमच्यात कुनी आजारी पडलं नाही, हाच आमचा गुन्हा," पोपट म्हणाला.

मालतीबाईंचे धाकटे दीर नंदकुमार कोपऱ्यात टिपणं घेत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या कामात मदत करत, म्हणजे मुख्यतः त्यांची छत्री धरत. तर्काची त्यांना फार हौस. तर्कालाच त्यांची हौस नव्हती.

शनिवारी सकाळी दोघं पाणी यायच्या आधी नळावर पोचली. हंडे-कळश्यांची रांग लागलेली होती. नळाच्या तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. रांगेत पहिली स्मिता टिपणीस, न्हालेले केस ओलेच, हातात एकच तांब्याची कळशी. पोर जाऊन आठवडा झाला तरी नंबर तिचाच होता. तिच्यामागे यशोदाबाई, मग मास्तरांच्या वेणूबाई, मग बाकीच्या.

सुंदराबाई रांगेत नव्हतीच. ती पलीकडच्या भिंतीपाशी हंडा घेऊन उभी होती. तिथे उभी राहा असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायची गरजच पडली नव्हती. सगळ्यांचं पिण्याचं, अंघोळीचं, धुण्याचं भरून झालं आणि धार करंगळीएवढी झाली, तेव्हा ती पुढे आली.

रांग निम्मी सरली असताना पाणी तपासणारा माणूस सायकलवरून आला होता. त्याने फडकं सोडलं, स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड शेकलं, बायका कुरकुरत असताना बरंच पाणी वाहू दिलं आणि मग बाटली भरली. नंदकुमारांना त्याचं फार कौतुक वाटलं. इतका काटेकोर माणूस शुद्ध म्हणतो म्हणजे पाणी शुद्धच, असं त्यांनी टिपून ठेवलं.

यशोदाबाई बोलक्या होत्या. त्यांचे यजमान अजून सलाइनवर होते. पाणी सुरू झालं की जरा गढूळ येतं, पण पाइप नवे, गंज यायचाच, फडक्यात गाळला जातो, असं त्यांनी सांगितलं.

"पिण्याचं कधी भरता?" मालतीबाईंनी विचारलं.

"आधी पिण्याचं, मग वापरायचं. देवाला आणि माणसांना पहिलं ताजं पाणी. वापराचं भरून झाल्यावर पिण्याचं कोण भरतं हो?"

टिपणीसांचं घर नळाला लागूनच होतं, ओळीतलं पहिलं. खुंटीवर दप्तर तसंच लटकत होतं. श्यामसुंदर एका कंपनीत हिशेबनीस. त्यांनी हात जोडले तेव्हा मालतीबाईंची नजर त्यांच्या तळव्यावर थोडी रेंगाळली. उजव्या हाताला अंगठ्याच्या बुडाशी कुदळ मारणाऱ्याच्या हाताला असतात तसे घट्टे होते.

नंदकुमार हात धुवायला मोरीत गेले. मोठं पिंप काठोकाठ भरलेलं. साबणाचा छान फेस आला. एवढं पाणी कुठून आणता, असं त्यांनी सहज विचारलं. स्मिताच्या कमरेचं दुखणं आहे, तिला हंडे उचलवत नाहीत, म्हणून मी सारसोळ्याच्या विहिरीवरून सायकलला दोन कॅन लावून आणतो, असं श्यामसुंदरनी सांगितलं. ते पाणी फक्त वापरायला. प्यायला स्मिता ताजी कळशी आणते.

मग ते मालतीबाईंकडे वळले. आठवडाभर झोपलेला नसावा असा माणूस.

"बाई, माझी पोर काही परत येणार नाही. पण हे कुणी केलं ते मला कळलं पाहिजे. जो असेल त्याला मी सोडणार नाही."

स्मिता दप्तराकडे बघत होती.

सुंदराबाईने त्यांना दाराबाहेरच चटई घातली. संध्याकाळी नळापाशी काय करत होतीस, या प्रश्नावर ती आधी पोपटकडे बघत राहिली.

"दगड घासत होते राखेनं. शेवाळ धरलंय, पोरं घसरत्यात. सकाळी घासाया गेले तर नळ बाटला म्हनत्यात. मंग संध्याकाळी जाते, कुनी नसताना. आन् घासून झालं की नळ घट्ट पिळून येते."

परतताना मालतीबाईंनी रिक्षा सारसोळ्याकडे वळवली. गावाच्या विहिरीवर पुतळाबाई नावाची कोळीण जाळी धूत होती. नंदकुमारांचे पाय चिखलाने भरले होते. त्यांनी तिच्याकडून साबणाची वडी घेतली आणि चोळचोळ चोळली, पण वडी नुसती बुळबुळत राहिली. फेस काही येईना.

"खारं पानी हाय ते, दादा," पुतळाबाई म्हणाली. "भरती आली का खाडी आत शिरते. फेस कुठून येनार?"

नंदकुमारांनी पाय रुमालाने पुसले आणि आपला तर्क मांडला. आजारी घरं कुठली? पहिलं, सातवं आणि चौथं. ना ओळ, ना सलगता. घाण पाइपातून आली असती तर शेजारीशेजारी पसरली असती. म्हणजे हे माणसाच्या हाताचं काम. सुंदराबाई गरीब दिसते खरी, पण दिसण्यावर काय असतं?

"घरांचे नंबर बरोबर टिपलेत, भावजी," मालतीबाई म्हणाल्या. "आता दुसरे नंबर टिपा." कुठले, ते त्यांनी सांगितलं नाही. वाटेत वाण्याकडून त्यांनी कपड्यांना घालायच्या निळीची भली मोठी पुडी घेतली.

दिवस मावळताना दोघं पुन्हा त्या गल्लीत गेली. घरांसमोरून उघडं गटार जात होतं. तुंबलेलं, हलतही नव्हतं. टिपणीसांच्या ओट्यासमोर मालतीबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात तिथल्या पाण्यावर बुडबुडे आले आणि पाणी हळूहळू बोटभर खाली गेलं. मालतीबाईंनी पुडी फोडली आणि सगळी नीळ गटारात ओतली. नंदकुमारांना वाटलं, वहिनींना ऊन लागलं.

रविवारी पाणी यायच्या वेळेलाच गल्ली नळापाशी जमली. हवालदार खुर्चीवर बसले होते. सुंदराबाईने धुवट लुगडं नेसलं होतं. ठाण्यात जायचं म्हणून पोपटने तिची पिशवीसुद्धा भरली होती.

"आज पहिली कळशी नको," मालतीबाई स्मिताला म्हणाल्या. "मी बाटली भरते."

नळाने फुसफुस केली, मग धार आली. मालतीबाईंनी काचेची बाटली भरून उन्हात धरली. पाणी निळसर होतं. त्यांनी तीनचार बादल्या भरू दिल्या आणि दुसरी बाटली भरली. ती स्वच्छ निघाली.

"काल संध्याकाळी ही नीळ मी त्या गटारात टाकली होती," मालतीबाई म्हणाल्या. "रात्रभरात ती तुमच्या नळात आली. गटाराखालून तुमचा पाइप जातो आणि तिथे तो फुटलेला आहे."

"पण तपासणीत दोनदा शुद्ध आलं," हवालदार म्हणाले.

"येणारच. तपासणारा मध्येच येतो, वर आणखी पाणी वाहू देतो. त्याचा नियमच तसा आहे. तोवर घाण निघून गेलेली असते. ती जाते पहिल्या दोनतीन भांड्यांत, आणि तुमच्याकडे पहिल्या भांड्यात पिण्याचं पाणी भरतात. भावजी, आजारी घरं पहिलं, सातवं, चौथं ना? रांगेत बघा. स्मिताचा पहिला नंबर, यशोदाबाईंचा दुसरा, वेणूबाईंचा तिसरा. आणि मगऱ्यांकडे कुणी आजारी का नाही? तुम्ही त्यांना सगळ्यांच्या शेवटी भरायला लावता म्हणून. त्यांना तुम्ही बाजूला ठेवलंत, त्यामुळे ते वाचले. आणि वाचले म्हणून तुम्ही त्यांना खुनी ठरवलंत."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. यशोदाबाईंनी मान खाली घातली. बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं, सुंदराबाईकडे कुणीच पाहिलं नाही.

श्यामसुंदर पुढे आले. पाइप फोडला कुणी, हे त्यांना हवं होतं.

"कुणी नाही. पाइप फुटतात," मालतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "पण पाइप भरलेला असला तर फटीतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. घाण आत येते कुणी पाइप आतून ओढला तर. पुरवठा थांबल्यावर पाइपात उरलेलं पाणी कुणीतरी घरातल्या नळाला हातपंप लावून ओढून घेतं. हा नळ घट्ट बंद असतो, तिथून हवा मिळत नाही. मग पाइप गटार ओढतो. काल मी गटाराचं पाणी खाली जाताना पाहिलं."

त्या थांबल्या. हे चारचौघांत बोलायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण समोर पोपटच्या हातात ती पिशवी होती.

"सगळी घरं सहासहा भांडी भरतात. एका घराला एक कळशी पुरते. वापराचं पाणी सारसोळ्याहून येतं म्हणतात. त्या विहिरीचं पाणी खारं आहे, त्यात साबणाला फेस येत नाही. त्या घरातल्या मोरीत फेस आला. आणि दिवसभर पेन धरणाऱ्या माणसाच्या तळव्याला घट्टे पडले आहेत."

श्यामसुंदरनी आपला हात उलटा करून पाहिला.

"ओट्याखाली टाकी आहे," ते शेवटी म्हणाले. "हिची कंबर... दोन हंडे उचलले की रात्रभर कण्हायची. उरलेलंच तर पाणी घेत होतो. कुणाच्या वाट्याचं नव्हतं ते."

हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अर्ज लिहिणारा आणि अर्जातला गुन्हेगार एकच निघाल्यावर काय लिहायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

स्मिताने कळशी खाली ठेवली. तिला पंपाचं माहीत होतं, घाणीचं माहीत नव्हतं.

"रोज पहिली कळशी मीच भरायचे," ती म्हणाली. "शाळेत जायच्या आधी तिला त्यातलाच पेला द्यायचे. ताजं आहे, पी म्हणायचे."

मालतीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी त्यांना आपल्या धंद्याचा मनापासून वीट आला.

काही दिवसांनी पोपट पुन्हा वाशीला आला. पंप काढला होता, अर्ज मागे घेतला होता. टिपणीस खोली सोडून गेले. पाइप मात्र तसाच होता. दुरुस्ती पावसाळ्यानंतर करू, असं पाणीखात्याच्या कचेरीने कळवलं होतं. माफी कुणी मागितली का, या प्रश्नावर पोपटने नकारार्थी मान हलवली.

"पन आता बायका सुंदराला म्हनतात, यापुढं पयला नंबर तुमचा. रोज. तुमी आधी भरा, मंग आमी."

नंदकुमारांचे डोळे भरून आले. "बघा वहिनी, शेवटी माणसाला कळतंच."

"भावजी," मालतीबाई म्हणाल्या, "पाइप अजून फुटकाच आहे. पंप नसला तरी पाणी गेल्यावर फटीतून झिरपणारच."

नंदकुमारांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मग सुंदराबाई काय करते?

"भरते," पोपट म्हणाला. "तिथंच सांडलं तर पानी नासलं म्हनतील. म्हनून घरी आनते, मोरीत ओतून देते, आन् परत जाऊन शेवटी हुबी राहते."