अत्तराला लावलेलं विरजण

आधीच सांगतो, या गोष्टीचा शेवट तुमच्यापैकी एकालाही ओळखता येणार नाही. लावा पैज. ओळखलात तर माझी अर्धी मिशी उद्या सकाळी तुम्हीच कापा. डावी की उजवी, तेही तुम्हीच ठरवा.

काय म्हणतोस पैलवान? शेवटी भूत मरतं? अरे शहाण्या, ते मेलेलंच असतं. बस खाली.

चिमणे, दार नुसतं लोटून घे. कडी नको. कडीनं काही होत असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

आणि मी ही पुस्तकातून ढापली असं समजू नका. बसची पाटी वाचेपर्यंत माझी बस सुटते, पुस्तक कुठलं वाचतोय मी? हे घडलं आमच्या समोरच्या चष्मेवाल्याकडे. खाली दुकान, वर घर. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवायचे, तेवढाच काय तो त्याचा नाकाशी संबंध. खरं नाक होतं त्याच्या बायकोला. वहिनी बेकरीत कामाला होती. भट्टीचं दार न उघडता, नुसत्या वासावरून सांगायची, झाला पाव, काढा. मालक घड्याळाकडे बघायचाच नाही.

मग ती पोटुशी असताना तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. काहीच येईना. दूध करपून कोळसा झालं तरी ही तिथेच उभी.

पुढे मुलगी झाली. आता बघा, तान्ह्या बाळाच्या टाळूला एक वास असतो. तुझ्याही होता पैलवान, आता नाही, आता पायमोज्यांचा येतो. तर बायका यायच्या, पोरीची टाळू हुंगायच्या, म्हणायच्या, अगं बाई, काय गोड वास येतोय. वहिनी हसायची. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायची. नळ का सोडतात माणसं, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला माझी पोर उसनी आणल्यासारखी वाटते."

ते त्याच्या काळजात घुसलं.

डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज उग्र वास हुंगायचे. लवंग, लिंबू, निलगिरी. झोपलेलं नाक कधीतरी जागं होईल. वहिनीनं हुंगून हुंगून नाकपुड्या लाल केल्या. ढिम्म. तेवढ्यात चष्मेवाल्यानं मोबाईलवर पाहिलं की घरच्या घरी अत्तर कसं करायचं. त्याच्या डोक्यात आलं, एकेक वास हाक मारतोय ते तिला ऐकू येत नसेल, सगळ्यांनी मिळून बोंब मारली तर? झालं. जेवायच्या टेबलावर स्पिरिट आलं, तेलाच्या बाटल्या आल्या, ड्रॉपर आले. माणूस बारीक कामाचा, काच घासावी तसा थेंब थेंब मोजायचा. पहिलं अत्तर मला लावून दाखवलं. न्हाव्याच्या दुकानात खोकल्याचं औषध सांडावं, तसला वास. तुमच्या आजीनं मला दोन दिवस अंगणात जेवायला वाढलं.

तो म्हणाला, "नाना, मुरायला पाहिजे. अंधारात मुरतं ते. गडद काचेची बाटली हवी."

म्हणून एका दुपारी आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. मला सायकलला घंटी पाहिजे होती. त्याला मिळाली बाटली. तपकिरी, जाड काचेची, वर काचेचंच बूच. तळाला नखभर काहीतरी चिकट उरलं होतं.

भंगारवाला म्हणाला, "एका म्हाताऱ्याच्या खोलीतली आहे. एकटाच असायचा. तोही घरीच अत्तर बनवायचा, लावून स्वतःच बसायचा. गेला, तेव्हा बरेच दिवस कुणाला कळलंच नाही."

मी म्हटलं, "बरेच दिवस? वास नाही आला शेजाऱ्यांना?"

"आला की. अत्तराचा."

चिमणे, जवळ सरकून बसलीस तरी चालेल. पाय वर घे. काही नाही, आपलं उगाच.

भंगारवाला दोनदा बोलला की धुवून घ्या. गरम पाण्यानं धुवा, मग स्पिरिटनं धुवा. चष्मेवाल्यानं घरी येऊन बूच काढलं. काय वास होता म्हणून सांगू. मला माझी तरुणपणीची सायकल आठवली, मागे कॅरिअरवर बसलेलीसकट.

कोण बसलेली? ते आजीला विचारू नका म्हणजे झालं.

त्यानं काही बाटली धुतली नाही. म्हणाला, "एवढा मुरलेला वास कशाला घालवायचा? राहू दे नखभर. विरजण लागेल."

मीही मान डोलावली. दुधाला विरजण लावलं की दूध दूध राहत नाही, एवढं त्या शिकलेल्या माणसाला कळायला हवं होतं. मला तर कळायलाच हवं होतं.

बाटली भरली, कपाटात मुरत ठेवली. मग एका रात्री सुरुवात केली. रात्री का, तर स्वयंपाकाचा वास गेलेला असतो, रस्ता थंड असतो. पोर पाळण्यात झोपलेली. त्यानं दोन थेंब स्वतःच्या मनगटावर चोळले. काचेवर वास कळत नाही, अंगावर कळतो. मनगट वहिनीच्या नाकाखाली धरलं.

वहिनीनं हुंगलं. मग म्हणाली, "दार उघडं आहे का? कुणीतरी तंबाखू ओढतंय."

हा उडालाच. "तुला वास येतोय?"

"येतोय. तंबाखू. आणि डांबरगोळ्या. लोकरीच्या कपड्यात ठेवतात त्या. दारातून येतोय."

दोघं नवराबायको हसायला लागले, रडायला लागले. त्यानं मला उठवून सांगितलं. पण हसून झाल्यावर त्याला सुचलं, आपण तंबाखू कुठे घातलीय? डांबरगोळ्या कुठे घातल्यात? त्यानं जाऊन दार पाहिलं.

दाराला आतून कडी लावलेलीच होती.

पुढच्या रात्री वहिनीला लवंग आली. खरी लवंग, बाटलीतली. त्याच्या पुढच्या रात्री लिंबू. एकेक वास घरी परत येत होता. पण तो दुसरा, तंबाखूवाला, रोज असायचाच. आणि वहिनीचं नाक म्हणजे बेकरीतलं नाक. डोळे मिटून ती नुसती मान वळवायची.

"आज उंबऱ्याच्या आत आहे."

"आज टेबलापाशी."

चष्मेवाल्याला त्याचं काहीच कळत नव्हतं. ना तो वास यायचा, ना काही दिसायचं. तो दिवे लावायचा, पलंगाखाली वाकून बघायचा, पुन्हा कडी लावायचा. दुकानात बसून तो पेंगायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा त्यानं डावी-उजवीकडे उलट्या बसवल्या. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, साहेब, जिना चढताना मी खाली जातोय.

मी म्हटलं, "फेकून दे ना बाबा ती बाटली."

"ती फेकू देत नाही."

खरंच त्यानं एकदा बाटली उचलली होती, मोरीत ओतायला. वहिनीनं मनगट धरलं. म्हणाली, "लवंग आली, लिंबू आलं, निलगिरी आली. एक टाळू तेवढी राहिलीय. तेवढी येऊ द्या."

"अगं, पण तो रोज एक पाऊल पुढे येतोय."

"नुसता उभा राहतो ना? राहू दे उभा. आपण काय त्याला जेवायला वाढत नाही."

बायकांचं डोकं असं चालतं. हसू नकोस चिमणे, तुझंही असंच चालेल. पोरीच्या टाळूसाठी ती दारात वाघ बांधून ठेवायला तयार झाली असती.

आता ती रात्र. गेल्याच्या गेल्या वर्षीची, फेब्रुवारीची शेवटची. शनिवार उलटून रविवार लागला होता. पावणेतीन वाजले असतील. वारा नाही. समोरच्या गल्लीत एक कुत्रं रडत होतं, ते एकदम थांबलं.

वहिनी टेबलाशी. समोर हा. दिवा लावलेला.

त्यानं मनगट पुढे केलं.

तिनं नाक लावलं नाही. तिचं तोंड पांढरं पडलं.

"काय झालं?"

"...तुमच्या मागे."

त्यानं वळून पाहिलं. भिंत. कॅलेंडर. काही नाही.

"मागेच आहे. अगदी मागे. न धुतलेल्या उशीचा वास येतोय."

त्याला मानेपाशी गार लागलं. का वाटलं, कोण जाणे.

मग वहिनीची मान हळूच फिरली. कुणी चालत जातंय आणि आपण बघतोय, तशी.

"आता नाही मागे."

"गेला?"

"नाही..."

"मग कुठे?"

वहिनीनं नुसता हात वर केला.

पाळण्याकडे.

दोघंही उठले नाहीत. उठताच येईना.

पोर जागी होती. रडत नव्हती. वर बघत होती. आणि तिचं नाक... एवढंसं नाक... आईच्या पदराशी गेल्यावर हलतं ना, तसं हलत होतं. तिनं तोंड फिरवलं. आईकडे नाही. दुसरीकडे. जिथे कुणी नव्हतं, तिकडे.

हसली.

वहिनीच्या तोंडून एवढंच आलं, "वाकतोय..."

तेव्हा चष्मेवाल्यानं बाटली उचलली. बूच काढलं आणि सगळी स्वतःच्या डोक्यावर ओतली. केसांतून, मानेवरून, शर्टात. तळाचं ते नखभरही बोटानं काढलं आणि छातीला चोळलं.

म्हणाला, "इकडे ये. हे बघ, सगळं इकडे आहे."

...

...

वहिनी हळू आवाजात सांगत होती. "थांबला."

"सरळ झाला."

"अहो... तुमच्याकडे वळला."

"तुमच्या..."

मग काही नाही.

घड्याळाची टिकटिक. गल्लीतलं कुत्रं पुन्हा रडायला लागलं.

वहिनी धावली. पोरीला उचललं, छातीशी घेतलं, टाळूत नाक खुपसलं. आणि तशीच राहिली. किती वेळ राहिली, देवाला ठाऊक.

"आला," ती म्हणाली. "अहो, आला वास. दुधाचा येतोय. आणि उन्हात वाळलेल्या दुपट्याचा. हिचा येतोय. माझ्या पोरीचा येतोय."

डोळे मिटलेले. रडत होती. तशीच म्हणाली, "अहो, इकडे या ना. कुठे गेलात?"

हा तिच्या शेजारीच उभा होता. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

तिनं हात पुढे केला, तो त्याच्या छातीला लागला. ती दचकून किंचाळली. डोळे उघडून बघते तर हा. केसांतून अत्तर ठिबकतंय, शर्ट चिंब, पायाशी थारोळं.

बाटलीभर अत्तर, पोरांनो. खालच्या गल्लीत लोक शिंकायला हवे होते. आणि खोलीत अत्तराचा वासच नव्हता. वहिनी त्याच्या गळ्याशी नाक नेऊन हुंगत राहिली. केस हुंगले. तळवे हुंगले. तिला पोरीचा वास येत होता, टेबलावरच्या स्पिरिटचा येत होता, स्वयंपाकघरातल्या ओल्या फडक्याचाही येत होता.

नवऱ्याचा येत नव्हता.

म्हातारा पुन्हा आला नाही. डांबरगोळ्या नाहीत, तंबाखू नाही. वहिनी परत बेकरीत जाते, भट्टीपाशी उभी राहून सांगते, काढा पाव. सगळं छान आहे.

फक्त चष्मेवाल्याला वास नाही. माझा विश्वास बसेना. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. एकदा तो दुकानात डुलकी घेत होता, तेव्हा मी त्याच्या बाहीवर अर्धा कांदा खसाखसा चोळला. वाकून हुंगलं. कांद्याचा वास माझ्या हाताला. त्याच्या बाहीला काही नाही. कोऱ्या कागदासारखी बाही. मी हात धुतले आणि घरी आलो. त्या दिवसापासून त्याची खोडी काढली नाही. मी.

डाससुद्धा चावत नाहीत त्याला. मी म्हटलं, नशीबवान आहेस. तो हसला नाही.

पोर आता बोलायला लागलीय. बापाचा लळा फार. उजेडात दिवसभर त्याच्या अंगाखांद्यावर खेळते. पण परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो आणि लाईट गेली. पोर त्याच्या कडेवर होती. त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तो बोलतही होता, "अगं मी आहे ना, मी आहे," आणि ती किंचाळायला लागली. पडताना माणूस किंचाळतं, तशी. हात-पाय झाडत होती. वहिनी काडेपेटी शोधत होती. मी अंधारात बसून ऐकत होतो.

बापाच्या कडेवर बसून ती पोर बाबाला हाका मारत होती.