सेफ्टीसाहेबांची मुलाखत

थेरगावात दत्तोबांच्या ओट्यावर जेवणं उरकून चार पोरं बसली होती. सगळी नुकतीच कारखान्यात लागलेली. त्यातला एक म्हणाला, उद्या आमच्याकडे नवे सेफ्टीसाहेब येणार आहेत.  दत्तोबांनी कंदिलाची वात खाली करून सांगायला घेतलं. ते पूर्वी पिंपरीच्या एका नटबोल्टच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. ज्यांची ही हकीकत, ते अर्जुनराव त्याच कारखान्यातले; तेव्हा चिंचवडला दत्तोबांच्याच शेजारच्या खोलीत राहायचे. जे घडलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं दत्तोबांना सांगितलं होतं.

तीन वर्षं झाली. छप्पन्न साल, डिसेंबरची दोन तारीख, रविवार. कार्तिकातली अमावस्या. अर्जुनराव साडेसातच्या सुमारास सायकलवर टांग टाकून निघाले. काम साधंच होतं. सोमवारी सकाळी सरकारी निरीक्षक यायचे होते. त्याआधी यंत्रांच्या तपासणीची वही तेवढी नीट करून ठेवायची.

अर्जुनराव मूळचे वाईच्या शाळेत ड्रिलमास्तर. मालकांचे मेहुणे. वर्षभरापूर्वी निरीक्षकांनी मालकांना बजावलं होतं, की यंत्रांवर आणि माणसांच्या जिवावर लक्ष ठेवायला जाणता माणूस नेमा. मालकांनी मेहुण्यांना बोलावून घेतलं, खाकी कोट शिवून दिला. झाले सेफ्टीसाहेब. ना मुलाखत, ना परीक्षा.

त्याच जागेसाठी ज्योतीराम फिटरनं अर्ज केला होता. सोलापूरच्या गिरणीत बारा वर्षं काढलेला माणूस. मुंबईला जाऊन या कामाचा, प्रथमोपचारासकट, रीतसर वर्ग पास झालेला. कुठलं चाक बिघडलंय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. मालक म्हणाले, "तू पाना धर. साहेबकी तुझं काम नव्हे."

ज्योतीरामनं मनात अढी धरली नाही. तो अर्जुनरावांकडे गेला.

"साहेब, चार नंबरच्या यंत्राच्या पट्ट्याला जाळी नाही. कुणाचा तरी हात जाईल."

"बसवू."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा अर्जुनरावांनी वहीत लिहून टाकलं, जाळी बसवली, तपासली. खाली सही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच पट्ट्यानं ज्योतीरामची बाही धरली. यंत्र थांबवेपर्यंत पट्ट्यानं त्याला वर शाफ्टापर्यंत, छताखालच्या फिरत्या लोखंडी दांड्यापर्यंत, नेलं होतं. खाली काढलं तेव्हा जीव नव्हता.

अर्जुनरावांनी शेरा मारला, कामगाराचा निष्काळजीपणा.

पाचव्या दिवशी ज्योतीरामची बायको यशोदाबाई फाटकाशी आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "साहेब, त्येंनी तुमाला सांगितलं हुतं का न्हाई, येवढंच मला सांगा."

अर्जुनराव म्हणाले, "नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग निघून गेली.

तर त्या रविवारी अर्जुनराव कारखान्यात पोचले तेव्हा आठ वाजले होते. फाटकावर गेनबा राखणदार शेकोटी करून बसला होता.

"साहेब, आज अवस हाय. सकाळी करा की काय ते."

"दहा मिनिटांचं काम आहे, गेनबा."

"बत्त्या न्हाईत आत. मोठा स्विच पाडून ठेवलाय."

"कंदील आहे ना."

शेडच्या कोपऱ्यात त्यांची केबिन होती. वही काढली. दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात त्यांनी लिहायला घेतलं, की जाळी बसवलेली होती, पण ज्योतीराम फिटरनं आपल्या सोयीसाठी ती काढून ठेवली. मेलेला माणूस काही उठून 'नाही' म्हणणार नव्हता. 'ठेवली'पाशी येईतो त्यांना आवाज आला.

फट्.

त्यांनी मान वर केली. शेडमध्ये अंधार. पुन्हा फट्. मग जरा थांबून फट्, फट्. चामड्याचा पट्टा चाकावरून फिरताना त्याचा सांधा वाजतो, तसा.

वाटलं, गेनबानं स्विच टाकला असेल. कंदील घेऊन ते बाहेर आले. भिंतीवरचा मोठा स्विच खालीच होता. आणि चार नंबरचा पट्टा सावकाश फिरत होता.

"या, साहेब."

आवाज पट्ट्याच्या पलीकडून आला. शांत. ओळखीचा. कंदिलाचा उजेड तिथवर पोचत नव्हता.

"बसा म्हणालो असतो, पण मुलाखत उभ्यानंच द्यायची असते."

"कोण... कोण आहे?"

"मोटर बंद केल्यावर हे चाक किती वेळ फिरत राहतं?"

अर्जुनरावांनी कंदील वर धरला.

"माहीत नाही?"

"मला... मला हे कुणी विचारलंच नव्हतं."

"म्हणून तर मी विचारतोय."

पट्ट्याचा वेग वाढला. अर्जुनरावांना मागं वळायचं होतं. पाय हलेनात. उलट एक पाऊल पुढं पडलं. आपसूक.

"पट्ट्याशी उभं राहणाऱ्याची बाही कशी असावी?"

अर्जुनरावांनी आपल्या खाकी कोटाकडं पाहिलं. रुंद, लोंबती बाही. 

आणखी एक पाऊल.

"इथं हात घालायच्या आधी पहिलं काय करायचं?"

हे त्यांना येत होतं. घाईनं म्हणाले, "स्विच बंद करायचा."

"स्विच बंदच आहे, साहेब."

फट् फट् फट् फट्. कंदील विझला. चेहऱ्यावर वारा लागत होता. तेलाचा वास. पट्टा एका हातावर...

"शेवटचा प्रश्न. मी तुम्हाला सांगितलं होतं का नाही?"

 पट्टा वाजतच होता. मग दीड महिना जे बोलायची सवय झाली होती तेच तोंडातून गेलं.

"नाही."

बाही खेचली गेली. उजवी. ज्या हातानं सही केली होती, त्याची.

"सांगितलं होतं... ज्योतीराम, सांगितलं होतं रे... तीनदा..."

पट्टा थांबला. तोवर मनगटाच्या पुढं काही राहिलं नव्हतं.

आरोळी ऐकून गेनबा धावत आला. अर्जुनराव बेशुद्ध पडले होते. गेनबानं सडकेवर ट्रक थांबवला आणि त्यांना पुण्याला सरकारी इस्पितळात नेलं.

तिसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी निरीक्षकांना खाटेजवळ बोलावून सगळं कबूल केलं. यशोदाबाईलाही बोलावणं पाठवलं. ती आली. अर्जुनराव म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." तिनं त्यांच्या थोट्या हाताकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग निघून गेली. मालकांवर खटला भरला गेला, आणि निरीक्षकांनी समोर उभं राहून प्रत्येक पट्ट्याला जाळी बसवून घेतली.

एवढं सांगून दत्तोबा थांबले. पोरांना वाटलं, संपलं. पण ते पुन्हा बोलू लागले. आता आवाज अगदी खाली आला होता.

त्या रात्री इस्पितळात डॉक्टरनं गेनबाला विचारलं होतं, "यांच्या दंडाला ही पट्टी कुणी आवळली? आत लाकडाची कांडी घालून पीळ दिलाय. एवढी नेमकी आवळली नसती तर रक्त जाऊन हा माणूस तिथंच मेला असता."

"म्या न्हाई, साहेब. म्या गेलो तवा बांधल्यालीच व्हती."

"ज्यानं बांधली तो शिकलेला आहे. पट्टी कधी आवळली ती वेळही त्यानं लिहून ठेवलीय. तशी लिहायची असते." डॉक्टरनं अर्जुनरावांच्या कपाळावरचे केस बाजूला केले. काळ्या तेलात बोटानं आकडे काढले होते. आठ वाजून पंचवीस मिनिटं.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. गेनबाला अक्षरओळख नाही.

अर्जुनराव आता वाईला असतात. कपाळावरचे ते आकडे घालवायला साबण लावून पाहिला, रॉकेल लावलं, राखेनं घासलं. टोपी भुवयांपर्यंत ओढून बसतात. गेल्या चैत्रात दत्तोबा त्यांना भेटायला गेले होते. जेवताना टोपी जराशी सरकली. आकडे तसेच होते... आणि तेल अजून ओलं होतं.