बारावा निळा बिल्ला

फोन वाजला तेव्हा भिंगरीबाई उभ्यानेच चहा पीत होत्या. बसून चहा पिणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"बाई, चोरी झालीय! फलकावरचा निळा बिल्ला गेलाय," पशुवैद्यक महाविद्यालयाचे प्रवेशप्रमुख घाईघाईने बोलत होते. "चोर माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही नुसतं या आणि तेवढं लिहून न्या."

"चोर सापडलाय, मग मी येऊन काय त्याची आरती करू?" असं म्हणून बाईंनी कप ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

विद्यापीठाच्या त्या दक्षता अधिकारी. कुठे काही खोटं-नाटं झालं की त्यांना धाडायचं, हा रिवाज. भिंगरी हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण एका जागी ठरतील तर शपथ. त्यांना ते नाव माहीत होतं आणि आवडतही होतं.

महाविद्यालयाच्या सभागृहात पोरं आणि पालक खचाखच भरले होते. पंखे नुसतेच गरगरत होते. व्यासपीठाशेजारी काचेच्या दाराचा मोठा फलक होता, त्यावर हुकांच्या ओळी. एक हूक म्हणजे एक जागा. सकाळी प्रत्येक हुकाला बिल्ला होता, पांढरा सर्वांसाठी, निळा राखीव. निळे फक्त बारा, धरणात गावं गेलेल्या मुलांसाठी. संध्याकाळची घंटा होईल तेव्हा ज्याच्या हातात बिल्ला, त्याची जागा पक्की. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

आता सगळे हूक रिकामे होते. आणि फलकापुढे एक मुलगी उभी होती, बिल्ल्याशिवाय. ती रडत नव्हती. तिच्या वाटणीचा आरडाओरडा तिचा मामा करत होता.

"ताई, आधी गाव बुडवलं, आता पोरीची जागाही बुडवली! आम्ही माणसं आहोत की मासे?"

"मामा, थांबा जरा," बाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "निळ्या रांगेत तू कितवी?"

"बारावी."

"आणि बिल्लेही बारा."

"हो. माझ्या पुढच्या अकरा जणांना बिल्ला मिळताना मी बघितलंय. माझी पाळी आली आणि फलक रिकामा."

"पुढच्या वर्षी?"

मुलीने मान हलवली. "पुढच्या वर्षी वय बसत नाही. हे शेवटचं. आमच्या नव्या वस्तीत जनावरांचा डॉक्टर नाही, बाई. वासरू अडलं की गाय डोळ्यांदेखत जाते. मी आईला सांगून आलेय, डॉक्टर होऊनच येते म्हणून."

घड्याळाकडे न बघता भिंगरीबाई तडक प्रवेशप्रमुखांच्या खोलीकडे निघाल्या.

खोलीत कागदांचे ढीग होते. खिडकीत दोन ताटं धुऊन पालथी घातलेली. खुर्चीवर एक लाल हेल्मेट होतं, ते उचलून प्रमुखांनी टेबलाखाली सरकवलं.

"बसा बाई."

"उभीच बरी. जेवलात का तुम्ही?"

"जेवलो कसला, एकट्याने दोन घास गिळले. दिवसभर भोंग्यावर ओरडून घसा बसलाय. त्यात हे गुडघे! सायकल सुटली, स्कूटर सुटली, आता बसनेच येतो."

"बरं, मला आधी तुमची पद्धत समजावा. मी या बाबतीत ढ आहे."

प्रमुख खुलले. शिकवायला मिळालं की त्यांचा घसा आपोआप मोकळा व्हायचा. "सोपं आहे. सकाळी गुणांची रांग. तिथे कोण कुठल्या गावचा हे बघायचंच नाही. बुडीत गावातलं पोर गुणांवर वर आलं, तर त्यालाही पांढराच. पांढरे संपले की जेवणाची सुट्टी. दुपारी राखीव रांग, जे गुणांवर राहिले त्यांच्यासाठी. त्यांना निळे."

"आणि चोरी कधी झाली?"

"सुट्टीत, दुसरं कधी? फलकाची किल्ली एकट्या शिपायाकडे. कुणाकडून काहीतरी खाऊन बिल्ला विकला असणार. मी म्हणतो, ती निळी जागा गोठवू. तुमची चौकशी होऊ दे निवांत. बाकीचे प्रवेश घंटेला पक्के करून टाकू."

"चौकशीला महिने लागतील."

"लागू देत. न्याय घाईने होत नाही, बाई."

बाई खोलीतून बाहेर पडल्या. या माणसाला न्यायाची घाई नव्हती, घंटेची मात्र फार होती.

शिपाईकाका जिन्याखाली बसले होते. गळ्यात दोरीला किल्ली, चेहरा पांढराफटक.

"काका, सुट्टीत फलक उघडलात?"

"देवाशपथ नाही. लेकीची शपथ नाही."

"सकाळचे बिल्ले कोण देत होतं?"

"मीच की. सर नाव पुकारायचे, मी बिल्ला काढून द्यायचा. मध्ये, फलक उघडाच असताना, सरांनी भोंग्याची बॅटरी आणायला पिटाळलं. आता भोंगा चांगला बोंबलत होता, पण साहेबांपुढे कोण बोलणार? येईपर्यंत सर स्वतःच बिल्ले देत उभे होते. एवढे गुडघे दुखतात बिचाऱ्यांचे, मलाच लाज वाटली."

"सुट्टीला कुलूप लावताना निळे मोजलेत?"

"निळे कशाला मोजू? दुपारच्या आधी निळ्याला कुणी हातच लावत नाही."

भिंगरीबाई येरझाऱ्या घालता घालता थांबल्या. जागच्या जागी, खिळल्यासारख्या. त्यांना असं थांबलेलं बघून शिपाईकाका आणखी घाबरले.

"काका, उठा," त्या म्हणाल्या. "घंटेपाशी जाऊन उभे राहा. आणि काहीही झालं तरी मी सांगेपर्यंत टोल द्यायचा नाही."

जाताना त्यांनी प्रमुखांच्या खोलीतलं हेल्मेट काखोटीला मारलं. प्रमुख तोवर व्यासपीठावर पोचले होते. बाईंनी त्यांच्या हातातून भोंगा घेतला.

"ज्यांच्याकडे निळा बिल्ला आहे, त्यांनी उभं राहायचं."

खुर्च्या करकरल्या. मामांनी बोट दाखवत मोजायला सुरुवात केली. दहा, अकरा...

"बारा! ताई, हे तर बारा आहेत!"

"म्हणजे चोरी झालेलीच नाही," बाई म्हणाल्या. "बाराच्या बारा बिल्ले याच सभागृहात आहेत. आता ज्यांना दुपारी मिळाला, त्यांनी बसायचं."

अकरा जण बसले. मागच्या भिंतीजवळ एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. इकडेतिकडे बघत तीही बसायला गेली, मग पुन्हा उभी राहिली.

"घाबरू नकोस. तुला कधी मिळाला?"

"सकाळी."

"गुणांत कितवी आहेस?"

"सातवी."

सभागृहात कुजबुज उठली. सातवी!

"बिल्ला कुणी दिला?"

"सरांनी. म्हणाले, बुडीत गावची ना, मग तुझं निळंच."

"तू काही विचारलं नाहीस?"

मुलीने बिल्ल्याकडे बघितलं. "नाही. मला वाटलं, आमचं तेवढंच असतं."

भिंगरीबाईंना एकदम संताप आला. त्यांनी तो लपवलाही नाही.

"ऐकलंत?" त्या प्रमुखांवर कडाडल्या. "पहिल्या दहात आलेली पोर, आणि तिला वाटतंय आपलं तेवढंच!"

"अहो, चूक झाली असेल," प्रमुख रुमालाने मान पुसत म्हणाले. "गर्दी होती. माणूस आहे, चुकतो."

"चुकतो तो माणूस, ज्याला नियम माहीत नसतो. तुम्ही तर मला आत्ताच घडाघडा म्हणून दाखवलात, गुणांवर आलेल्याला पांढराच. आणि ही चूकही कशी शहाणी! शिपाईकाकांना नको असलेली बॅटरी आणायला पाठवल्यावरच झाली. हिला निळा दिला म्हणून एक पांढरा वाचला. पांढऱ्यांची रांग एका माणसाने लांबली. ज्याला मिळणार नव्हता, अशा कुणाला तरी शेवटचा पांढरा मिळाला."

"मग दुपारी बोंबाबोंब होणार, हे मला कळत नव्हतं का?" प्रमुख म्हणाले.

"कळत होतं, म्हणून तर सगळ्यात आधी तुम्हीच बोंब मारलीत. चोरी म्हटली की निळी जागा गोठणार, चौकशी रेंगाळणार. या बाराव्या मुलीचं वय उलटणार, काकांची नोकरी जाणार. तो पांढरा मात्र आज घंटेला पक्का होणार. ही चष्मेवाली तक्रार करणार नव्हती, तिला जागा मिळालीच होती. आणि बघणाऱ्यांना तरी कुठे खटकलं? बुडितातली पोर, निळा बिल्ला. सगळ्यांसमोर दिलात, कुणाच्याही मनात शंका आली नाही."

"घंटा मार!" प्रमुख दाराकडे बघून ओरडले. "वेळ झाली! ऐकू येत नाही का?"

शिपाईकाकांनी घंटेचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि बाईंकडे बघत राहिले.

बाईंनी लाल हेल्मेट उंच धरलं. "हे कुणाचं?"

"माझं!" मधल्या रांगेतला एक मुलगा पटकन उठला. "थँक्यू बाई, मी शोधतच होतो."

"कुठे विसरला होतास?"

"आतोबांच्या खोलीत. जेवायला बसलो ना, तिथेच..."

सगळं सभागृह त्याच्याकडे वळून बघू लागलं. त्याच्या हातात पांढरा बिल्ला होता, फलकावरचा शेवटचा.

"दोन घास एकट्याने गिळले, आणि ताटं दोन," बाई म्हणाल्या. "स्कूटर सुटलेल्या माणसाच्या खोलीत हेल्मेट. घरचं पोर उमेदवार असताना प्रवेशाच्या कामाला बसायचंच नसतं, हेही तुम्हाला माहीत होतं."

प्रमुख मटकन खाली बसले. "बायकोच्या भावाचा एकुलता एक, बाई. एका गुणाने जात होतं. घरात दोन महिने कुणी धड जेवलं नाही."

"आणि हिच्या घरात?" बाईंनी फलकापुढच्या मुलीकडे बोट केलं.

मुलगा व्यासपीठापाशी आला. त्याचे कान लाल झाले होते. "मला माहीत नव्हतं, बाई. खरंच नव्हतं." बिल्ला त्याने टेबलावर ठेवला, हेल्मेट घेतलं आणि आतोबांकडे न बघता बाहेर गेला.

बाईंनी पांढरा बिल्ला उचलून चष्मेवालीला दिला. तिने तो घेतला, उलटासुलटा करून बघितला. मग सरळ फलकापुढे गेली आणि निळा बिल्ला बारावीच्या हातात ठेवला. सकाळपासून मुठीत धरून तो गरम झाला होता.

"हा तुझा होता. मला ठाऊक असतं तर घेतलाच नसता."

आता मात्र बारावीला रडू फुटलं. मामा तर हमसून हमसून रडायला लागले.

चष्मेवाली बाईंकडे वळली. "माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी येईल. तिला सांगून ठेवते, सकाळी नाव पुकारलं की पांढराच मागायचा."

"मागायचा नाही," भिंगरीबाई म्हणाल्या. "घ्यायचा." आणि त्यांनी दाराकडे हात केला. "काका, द्या आता टोल."

शिपाईकाकांनी टोल दिला, रोजच्यापेक्षा जरा जास्तच जोरात.